एका घरात दोघींच्या दातांवर तारा

आम्ही दोघी सख्ख्या जावा. थोरलीच्या लेकीच्या दातांवर अडीच वर्षांपूर्वी तारा बसल्या. पुढे आठ महिन्यांनी धाकटीने स्वतःच्या दातांवर बसवून घेतल्या. त्या वेळी लेक १३ वर्षांची होती आणि धाकटी ३१ वर्षांची. घरातले कर्ते पुरुष एक कुवेतला, एक दोह्याला. खेड तालुक्यातल्या या घरात आम्ही दोघी, सासूबाई आणि मुले. एकाच ओट्यावर स्वयंपाक, एकाच दस्तरखानावर जेवण. त्यामुळे तोंडे दोन असली तरी तारांचा संसार सगळ्या घराने केला, असे म्हणायला हरकत नाही.

तारांविषयी भेटणारा माणूस दोन प्रश्न विचारतो. खर्च किती आला, आणि दात सरळ व्हायला किती दिवस लागतात? लेकीला जवळच्या दंत महाविद्यालयात ३२ हजार लागले, तेही हप्त्याहप्त्याने. आणि दिवस म्हणाल तर दीड-दोन वर्षे, काम अवघड असेल तर जास्त. एवढे ऐकले की विचारणारा समाधानाने निघून जातो. ती मधली दीड-दोन वर्षे माणूस खातो कसा, बोलतो कसा, रोजे कसे धरतो, लोकांत कसा वावरतो, हे कोणी विचारत नाही. आम्हाला सांगायचे आहे ते हेच.

लेकीचे वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या ८ मिलिमीटर पुढे होते. ओठ मिटायला तिला जोर लावावा लागे. शाळेत तिला एक नाव पडले होते. ते इथे लिहीत नाही, कारण ती हा अंक वाचणार आहे. पाचवी-सहावीपासून ती हसताना ओढणी तोंडावर धरू लागली. अब्बांचा व्हिडिओ कॉल आला की फोन असा धरायची की पलीकडे फक्त कपाळ आणि डोळे दिसावेत. मकतबमध्ये तिची किरात चांगली, पण सीरतच्या जलशात पढायला तिने सलग दोन वर्षे नकार दिला. आवाज बसलाय म्हणायची. शेवटी उस्तानीच आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "आवाजाला काही झालेलं नाही. पोरीला तोंड उघडायची लाज वाटतेय."

दंतवैद्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. इतके पुढे आलेले दात मूल पडले-आपटले की सर्वांत आधी मार खातात. म्हणजे प्रश्न नुसत्या रूपाचा नव्हता. ओठ मिटत नसल्यामुळे लेक झोपेत तोंडाने श्वास घ्यायची आणि सकाळी तिचे तोंड कोरडे पडलेले असायचे.

सासूबाईंचा विरोध होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जागा करण्यासाठी सुळ्यांमागच्या चार लहान दाढा काढाव्या लागणार होत्या. "किडलेला दात काढतात. चांगला दात कोण काढतं?" हा त्यांचा पहिला सवाल. दुसरा त्याहून मोठा. अल्लाहने दिलेल्या रूपात ढवळाढवळ करायची का? सौंदर्यासाठी दातांत फटी करून घेणाऱ्या स्त्रियांविषयी जी हदीस आहे, ती त्यांनी लहानपणी ऐकलेली होती. आम्ही मशिदीतल्या मौलवीसाहेबांना विचारले. ते म्हणाले, त्या हदीसमधला निषेध निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या बदलाचा आहे. व्यंग दूर करणे हा इलाज आहे. मग त्यांनी हजरत अरफजा बिन असअद (रजि.) यांची हकीकत सांगितली. लढाईत त्यांचे नाक गेले होते. चांदीचे नाक बसवले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसवायला सांगितले. पुरुषांना सोने वर्ज्य असूनही! सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पण दुखलं तर माझ्याकडे रडत यायचं नाही." पुढे काढलेल्या चारही दाढा त्यांनीच परसात माडाच्या मुळाशी पुरल्या, आणि पहिल्या रात्रीची पेजही त्यांनीच केली.

तारा बसवताना दुखत नाही. दाताला जेल लावून तो किंचित खरखरीत करतात, धुतात, त्यावर बारीकसे ब्रॅकेट चिकटवतात आणि निळ्या उजेडाने तो गोंद पक्का करतात. मग सगळ्या ब्रॅकेटमधून तार ओवतात. लेक हसतच घरी आली. दुखणे सुरू झाले संध्याकाळी, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळ्यात जास्त होते. दाताला दात टेकला तरी डोळ्यांत पाणी. मऊ भातसुद्धा जिभेने टाळूवर दाबून गिळावा लागला. चार-पाच दिवसांत ते उतरले. दुखण्यावर डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिली होती, पण जास्त आराम पडला तो गार पाण्याने. सुरुवातीची बारीक तार निकेल आणि टायटॅनियम या धातूंची असते. ती आपला मूळ आकार विसरत नाही. वाकड्या दातांत अडकवली की सरळ व्हायला बघते, आणि त्या ओढीने दात हलतात. तोंडाच्या उबेने तिचा जोर वाढतो, गारव्याने थोडा वेळ कमी होतो. म्हणून गार पाण्याचा घोट. सासूबाईंचे कोमट मिठाचे पाणीही वाया गेले नाही. गालाला आतून ब्रॅकेट घासून जे फोड येतात, त्यांना त्याने बरे वाटते. फोड येऊ नयेत म्हणून मेणाची कांडी मिळते. चिमूटभर मेण चुरून ब्रॅकेटवर दाबायचे. लेकीच्या कंपासपेटीत ती कांडी दोन वर्षे होती.

दात हाडात ठोकलेल्या खिळ्यासारखा नसतो, हे आम्हाला इथे कळले. ज्या बाजूला दाब पडतो तिथले हाड हळूहळू विरघळते आणि मागच्या बाजूला नवे भरत येते. महिन्याला साधारण १ मिलिमीटर. जास्त जोर लावून घाई केली तर मुळांना इजा होते. दर चार-सहा आठवड्यांनी डॉक्टर तार बदलतात किंवा घट्ट करतात आणि पुन्हा दोन-तीन दिवस दाढा कुरकुरतात. आमच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या पुढे सासूबाई "पेज" असे लिहायला लावत.

ताटाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण खरा जाच तिथेच होतो. डॉक्टरांच्या यादीत ऊस, चिक्की, बर्फ, कणीस, कच्चा पेरू असे नेहमीचे पदार्थ असतात. कोकणातल्या घराची यादी त्यांना कुठून माहीत असणार? तांदळाची भाकरी ऊन असताना चालते, गार झाली की चिवट होते आणि ब्रॅकेट उचकटते. कैरीची फोड दातांनी तोडता येत नाही. बरका फणस तारांना असा चिकटतो की अर्धा तास बेसिनपाशी जातो. सुकटीचे काटे तारेखाली अडकतात. मटणाचे तंतू तर विचारूच नका. नळी चोखणे, हाड दाढेखाली धरणे, सगळे बंद. घावन, सांदण, खिमा, खिचडा, डाळ-भात यांवर दिवस निघतात, आणि निघतात तसे नीट निघतातही. पण बाकीचे लोक वडे आणि कोंबडीचे सालन खात असताना समोर बसून वडा सालनात भिजवून मऊ व्हायची वाट पाहणे, हे १३ वर्षांच्या मुलीला सोपे नाही. पहिल्या तीन आठवड्यांत लेक २ किलो उतरली. मग तिनेच शोध लावला की समोरच्या दातांनी तोडायचे सोडून सुरीने बारीक तुकडे केले आणि मागे चावले, तर जवळपास सगळे खाता येते. पेरूसुद्धा.

खरी अडचण दावतीची. घरी जेवल्यावर दहा मिनिटे बेसिनपाशी उभे राहता येते. ब्रश, मग फटींतून फिरवायचा बारीक ब्रश, मग गुळणी. हे केले नाही तर तारा निघाल्यावर दातांवर पांढरे डाग राहतात, ते काही जात नाहीत. पण लग्नाच्या मंडपात, जिथे हात धुवायच्या नळावर रांग असते, तिथे पर्समधून ब्रश कसा काढायचा? धाकटी तर एक वर्ष दावतीत फक्त बसायची. "जेवून आलेय" म्हणायची. यजमानीण रागवायची ती वेगळीच.

रमजानचा विचार आम्ही आधीपासून केला होता. तारीख अशी घेतली की तार घट्ट करण्याचे दुखरे दिवस पहिल्या रोजाच्या आधी संपतील, आणि पुढची खेप ईदनंतर येईल. डॉक्टरांना फक्त सांगावे लागते, ते ऐकतात. सहरी वीस मिनिटे लवकर उरकायची, कारण सुबह सादिकच्या आत खाऊन वर दात पूर्ण साफ व्हायला हवेत. एखादा कण मागाहून सुटून जिभेवर आलाच तर तो थुंकून टाकायचा, मुद्दाम गिळायचा नाही. इफ्तारला खजूर अख्खा दाताखाली धरता येत नाही, चिकटतो. बी काढून, चार तुकडे करून पाण्यात भिजवलेला घ्यायचा. दिवसा टूथपेस्ट आम्ही टाळतो. आपल्या कोकणात शाफई मसलक, त्यात रोजा असताना दुपारनंतर मिसवाकही मकरूह मानतात. म्हणून जुहरच्या आधी एकदा नुसत्या ओल्या ब्रशने दात घासून चूळ भरायची, की मग मगरिबपर्यंत काही नाही. रोजेदाराच्या तोंडाच्या वासाची फजीलत आम्हाला माहीत आहे. पण तारांत सहरीचा अंश अडकलेला असेल ही शंका मनात घेऊन ४० मुलींच्या वर्गात उभे राहणे, हा अनुभव वेगळा.

एक प्रश्न बायका उघडपणे विचारत नाहीत, म्हणून इथेच लिहून ठेवतो. गुस्लमध्ये चूळ भरताना ब्रॅकेटखाली पाणी पोहोचत नाही, मग गुस्ल होते का? धाकटीचे माहेर कोल्हापूरकडचे, हनफी. हनफी मसलकात गुस्लमध्ये चूळ भरणे फर्ज आहे, शाफईत सुन्नत. तिने माहेरच्या मौलानांना भावाकरवी विचारले. उत्तर आले की जी गोष्ट इलाजासाठी पक्की बसवली आहे आणि सहज काढता येत नाही, तिच्याखाली पाणी पोहोचवण्याची सक्ती नाही; तोंडात सगळीकडे पाणी नीट फिरवावे, गुस्ल होते. काढता येणारी गोष्ट असेल तर ती काढावी. हे उत्तर येईपर्यंतचे चार दिवस धाकटीला दुखण्यापेक्षा जड गेले होते.

बोलण्याचे म्हणाल तर तारा दातांच्या बाहेरच्या बाजूला असतात, त्यामुळे जिभेला फारशी आडकाठी नसते. अडतात ते ओठ. लेकीच्या किरातीत 'बे' आणि 'मीम' या ओठ मिटून निघणाऱ्या अक्षरांचा मखरज आधीच कष्टाचा होता. आता पुढे आलेल्या दातांवर ब्रॅकेटची आणखी जाडी. पहिले काही आठवडे ओठ तारेला अडकायचे, 'फे' म्हणताना खालच्या ओठाला टोचायचे. उस्तानींनी तिला पहिल्या ओळीतून उठवून आपल्या शेजारी बसवले आणि सांगितले, हळू पढ, कोणी मागे लागलेले नाही. याबद्दल आम्ही त्यांचे फार ऋणी आहोत. धाकटी उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात मराठी शिकवते. तिचा 'स' पहिल्या आठवड्यात शिटी वाजल्यासारखा येई, आणि मागच्या बाकावरून त्याची नक्कल होई. तिने नकलेकडे लक्ष दिले नाही. पंधरा दिवसांत शिटी गेली, नक्कल करणाऱ्यांची गंमतही गेली. त्यानंतर एक मुलगी तास संपल्यावर टेबलापाशी रेंगाळली. तिचेही दात एकावर एक होते. "टीचर, दुखता है क्या?" धाकटीने तिला खरे ते सांगितले. दुखते, चार दिवस.

महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी आपल्या प्रबंधासाठी धाकटीकडून एक प्रश्नावली भरून घेतली. गॅरी स्लेड नावाच्या संशोधकाने १९९७ मध्ये ४९ प्रश्नांच्या यादीतून निवडलेले हे १४ प्रश्न जगभर वापरले जातात. शब्द उच्चारायला त्रास झाला का, चव बिघडली का, खाताना अवघड गेले का, जेवण अर्धवट सोडावे लागले का, लोकांत अवघडल्यासारखे झाले का, चिडचिड झाली का, असे. प्रत्येकाला 'कधीच नाही'चे ० ते 'फार वेळा'चे ४ गुण. एकूण ५६, आणि जितके कमी तितके बरे. डॉक्टरबाईंनी सांगितले की बहुतेक अभ्यासांत चित्र सारखेच दिसते. पहिल्या दिवसांत त्रास वाढतो, मग उतरत जातो, आणि तारा निघाल्यावर माणूस सुरुवातीपेक्षाही बरा असतो. धाकटीचे आधी १४ गुण होते, पहिल्या महिन्यानंतर ३१, वर्षाने पुन्हा १४. लेकीने कोरा फॉर्म मागून घेतला. तो मोठ्यांसाठी होता, तरी तिने घरी पेन्सिलने भरला, दोनदा. एकदा 'तारा नव्हत्या तेव्हा' म्हणून आणि एकदा 'आता' म्हणून. तारांच्या आधीच्या रकान्यात 'लोकांत अवघडल्यासारखे' यापुढे तिने ४ लिहिले होते. 'चिडचिड' पुढे ४. 'आता'च्या रकान्यात खाण्याचे सगळे आकडे मोठे होते, आणि ते दोन मात्र १-१. तो कागद थोरलीने कुराणाच्या रेहलीशेजारच्या कप्प्यात जपून ठेवला आहे.

लोक काय म्हणतात, यावर मात्र त्या फॉर्ममध्ये एकही प्रश्न नाही. लेकीला पाहून नात्यातल्या बायका म्हणत, "बरं केलंत, आता स्थळं चांगली येतील." लेक तेव्हा आठवीत होती! धाकटीला पाहून त्याच बायका म्हणत, "लग्न झालं, दोन मुलं झाली, आता कोणाला दाखवायचंय?" दोन्ही वाक्ये वेगळी वाटतात, पण एकाच मातीची आहेत. बाईचे दात दुसऱ्याने पाहण्यासाठी असतात, असा त्यांचा हिशेब. आम्हाला दोन्हींचा सारखाच राग येतो. धाकटीचे खालचे दात इतके दाटीने उगवले होते की ब्रश पोहोचत नसे. हिरड्यांतून रक्त येई, आणि एक तिरपा दात गालाला सतत चावे. डॉक्टरांनी आधी हिरड्यांवर उपचार केले, मगच तारा बसवल्या. मोठ्या वयात हे सगळे हळू होते, दुखणेही जास्त दिवस टिकते. पण तिला विचारलेत तर ती हिरड्यांच्या आधी दुसरेच सांगते. "मला मोकळं हसायचं होतं. कोणासमोर नाही, असंच." दोह्याहून तिच्या नवऱ्याने पैसे पाठवताना एवढेच सांगितले की माझ्यासाठी करू नको, तुला हवे असेल तर कर. तिला हवे होते.

लेकीच्या तारा २३ महिन्यांनी निघाल्या. भाद्रपद लागला होता, रस्त्यावर कणसे भाजत होते. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर तिने पहिले कणीस घेतले आणि समोरच्या दातांनी खाल्ले. घरी येईपर्यंत ती दातांवरून जीभ फिरवत होती. इतके गुळगुळीत कधी लागले नव्हते म्हणाली. ओठ आता आपोआप मिटतात. 'मीम' सहज निघतो. या वेळी मकतबच्या मुलींच्या छोट्या जलशात ती पढली. मोठ्या जलशाचे ती बघू म्हणाली आहे. हसताना तिची ओढणी अजून अधूनमधून वर जाते, आणि सासूबाई शेजारी असल्या तर हात धरून खाली करतात.

तारा निघाल्या म्हणजे सुटका झाली असे नाही, हेही सांगायला हवे. दात मूळच्या जागी परतू पाहतात. म्हणून रिटेनर, म्हणजे दातांच्या मापाची पारदर्शक पट्टी, आधी काही महिने दिवसरात्र आणि मग रोज रात्री, कित्येक वर्षे. जेवताना ती काढून डबीत ठेवायची. गरम पाण्याने धुवायची नाही, वाकडी होते.

धाकटीचे अजून चार-पाच महिने आहेत. पुढची तारीख रमजानच्या सहा दिवस आधीची घेतली आहे. सहरीचा गजर पुन्हा वीस मिनिटे आधीचा लावायचा आहे, या वेळी एकटीसाठीच. पण लेक म्हणते की चाचीबरोबर तीही उठेल, रिटेनर काढून धुवायला तिलाही वेळ लागतोच.